नांग बासिंगची अकरा पानं

नांग बासिंगने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडाकडे पाहिलंच नाही, खांद्यांकडे पाहिलं.

"दोंग," ती म्हणाली (आमच्याकडे पोरगा तो दोंग, थोरली बाई ती नांग), "हा शर्ट तुझ्या थोरल्या भावाचा दिसतोय. तुझा खांदा पावणेसतरा, हा साडेअठरा."

मला भाऊ नाही. शर्ट माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांचा होता. 'लेखकांत बसायला जातोस, जरा माणसासारखा दिस' म्हणून त्यांनी तो बळेच दिला होता. पावणेदोन इंचांची चोरी या बाईने उभ्या उभ्या पकडली. त्याच क्षणी मी ठरवलं, की हिच्यापासून जपून राहायचं. मग सोडत निघाली आणि पाचही दिवसांसाठी माझी खुर्ची तिच्या शेजारी आली.

आमच्या बोहोल बेटावर दर मे महिन्यात हे लेखन-शिबिर भरतं. समुद्राकाठी नन्सचं एक जुनं विश्रामघर आहे, तिथे. आपल्या बोलीत लिहिणारे आठ जण निवडतात आणि त्यांना कापायला दोन जाणकार बसवतात. नियम सोपा आहे. लिखाणावर नाव नसतं. प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत असते. चर्चा चालू असताना ज्याचं लिखाण असेल त्याने तोंड उघडायचं नाही, कपाळाला आठी घालायची नाही, शक्य असेल तर श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. सगळं संपलं की संचालिका मॅडम झेनी म्हणतात, "लेखक, उभे राहा." मग तो उभा राहतो, 'आभारी आहे' म्हणतो आणि बहुधा बाथरूममध्ये जाऊन रडतो.

कापणाऱ्यांत एक स्वतः मॅडम झेनी, पण मुख्य म्हणजे सर सेवेरिनो. वय सत्तरच्या पुढे, पांढरी मिशी, लाल पेन. त्यांना आम्ही मागून खाटीक म्हणायचो. एकोणीस वर्षांत या खुर्चीतून त्यांनी कशालाही चांगलं म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझी कथा त्यांच्या समोर आली. ते म्हणाले, "या लेखकाकडे एक गोष्ट आहे. ती त्याने लिहिली असती तर बरं झालं असतं." सगळे हसले. मीही हसलो. नियमच होता.

नांग बासिंग हसली नाही. तिने फक्त समाधानाने मान डोलावली. चांगल्या दुकानात आलोय याची खात्री पटल्यावर गिऱ्हाईक डोलावतं, तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माझा शर्ट अंगातून उतरवून घेतला. अंगणातल्या बदामाच्या झाडाखाली बसून ती खांदे उसवायला लागली आणि मी बनियनवर समोर बसून साबा केळी खात राहिलो.

"नांग, तुम्हाला या शिबिराचं कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मागल्या वर्षी इथले पडदे मी शिवले. पाच दिवस व्हरांड्यात बसून टिपा घालत होते आणि आतलं सगळं ऐकत होते." दातांनी दोरा तोडून ती म्हणाली, "तेव्हाच ठरवलं. हीच जागा."

"सरांनी माणसं सोलली ते ऐकून?"

"ते ऐकूनच तर. हे बघ, कपडा नीट झालाय की नाही हे घालणाऱ्याला कळत नाही. दुसऱ्या शिंप्याने तो उलटा करून बघावा लागतो. टिपा आतल्या बाजूने दिसतात. आणि खरा शिंपी कधी वा वा करत नाही. तो म्हणतो, इथे ओढलंय, तिथे फुगलंय. बस्स. मला तेवढंच हवं. स्तुती नको."

"स्तुती कुणाला नको असते?"

तिने सुई थांबवली. मग तिच्या बहिणीची हकिगत सांगितली.

त्याआधी एक सांगून ठेवतो. आमच्या बेटावर दृष्ट डोळ्याने लागत नाही, जिभेने लागते. तिला बुयाग म्हणतात. कुणाचं बाळ बघून 'काय गुटगुटीत आहे' म्हणालात, तर लगेच 'पुएरा बुयाग' पुटपुटायचं. म्हणजे बोललेलं तिथल्या तिथे गळून पडतं. विसरलात आणि बाळ तापलं, तर त्याची आई तुमचं घर शोधत येते. मग तुम्ही अंगठा जिभेवर ओला करून बाळाच्या कपाळाला लावायचा. ज्याची जीभ, त्याचीच थुंकी. दुसऱ्याची चालत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे सगळं खोटं आहे असं मुलांना दरवर्षी सांगतो आणि लगेच पुढे कुणाचं अक्षर छान आहे म्हणालो, तर खिडकीकडे तोंड करून पुएरा बुयाग म्हणून घेतो.

नांग बासिंगची धाकटी बहीण लुमिंग. सतरा वर्षांची असताना तिला मे महिन्याच्या मिरवणुकीत राणी एलेना, म्हणजे मिरवणुकीची मानाची राणी, केलं होतं. झगा अर्थात वीस वर्षांच्या बासिंगने शिवला. चर्चच्या पायऱ्यांवर सेबूहून आलेला कुणीतरी पाहुणा उभा होता. लुमिंग समोरून गेली तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "देवा, काय देखणी पोर आहे!" एवढंच म्हणाला आणि संध्याकाळच्या बोटीने निघून गेला. पुढचे दोन शब्द बोलला नाही. रात्रीपर्यंत लुमिंग फणफणली. बासिंग नऊ दिवस धक्क्यावर उभी राहून उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाला विचारत होती, तो तुम्हीच का? मग सेबूला जाऊन महिनाभर शोधलं. नाव नाही, गाव नाही, फक्त एक वाक्य. असा माणूस कुठे सापडतो? ताप उतरला, पण लुमिंगची डावी बाजू, ओठापासून पायापर्यंत, खाली लोंबून राहिली.

"एकेचाळीस वर्षं झाली," नांग बासिंग म्हणाली. "जाणते सांगतात, एकदा लागलेल्याला दुसऱ्यांदा लागली तर माणूस राहत नाही."

"मग?"

"मग काय? मी तिला चांगलं शिवलंच नाही. सगळ्या गावाच्या नवऱ्या मी नटवल्या. लुमिंगला मात्र एक बाही लांब, एक आखूड. गळा तिरका. रंग असा, की बघणाऱ्याने मान फिरवावी. वाईट शिवणं किती कठीण असतं माहितीये? हात ऐकत नाही. सरळच जातो." ती हसली. "तरी ती अजून तशीच आहे बघ. पुएरा बुयाग, पुएरा बुयाग." तिने तीनदा जमिनीकडे थुंकल्यासारखं केलं. "मी तिला तोंडाने कधीच काही म्हटलं नाही. आरशालाही घरात ठेवलं नाही. कुणास ठाऊक, आरसा काय बोलेल."

मला हसू येत होतं आणि मानेवर काटाही. मी विचारलं, "लग्न नाही केलंत?"

"एक होता. पहिल्यांदा घरी आला आणि लुमिंगकडे बघून तोंड उघडायला लागला. मी त्याला पाणी न देता बाहेर काढला." शर्ट झटकून तिने माझ्या अंगावर टाकला. "घाल."

शर्ट माझ्यावर असा बसला, की मीच पुएरा बुयाग म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवव्या ठोक्याला आमच्या हातात अकरा पानं आली. कथेला नाव नव्हतं. मजकूर एवढाच होता: मे महिन्याची मिरवणूक चर्चपासून धक्क्यापर्यंत जाते आणि एका मुलीच्या पांढऱ्या झग्याचं टोक उचलून तिची बहीण मागून चालते. बहिणीला चेहरा दिसत नाही. तिला दिसते मान, मानेवरचे बारीक केस, घामाचा एक थेंब, जो अकरा पानं उतरत राहतो आणि झग्याच्या गळ्यापर्यंत पोचत नाही. त्या पलीकडे काही घडत नाही. वाचून झाल्यावर मी वर पाहिलं, तर कुणी कागद हलवत नव्हतं. छतावर एक टोके नावाची थोरली पाल असते, ती फक्त रात्री ओरडते. ती भर सकाळी एकदाच ओरडली.

नांग बासिंगचे हात मांडीवर होते. चेहरा नियमाप्रमाणे कोरा. मी तिच्याकडे पाहिलं आणि तिने अगदी हलकं, 'हो' एवढ्यापुरती पापणी मिटली.

सर सेवेरिनोंनी लाल पेनाचं टोपण काढलं. सगळे वाट बघत होते. त्यांनी टोपण परत लावलं.

"एकोणीस वर्षं मी इथे बसतोय," ते म्हणाले आणि खोकले. "आज माझं पेन उचललं जात नाही. या मुलीच्या मानेचं वळण मला दिसतंय. ही कागदावरची मुलगी नाही. ही जिवंत आहे. आणि..." ते पुन्हा खोकले, "फार देखणी आहे."

आणि थांबले. पुढचे दोन शब्द त्यांच्यासारख्या विद्वानाच्या जिभेवर कुठून येणार?

शेजारून एक आवाज आला. शिवणाची सुई हाडाला लागल्यावर माणूस करेल तसा. नांग बासिंग ओठ न हलवता पुटपुटत होती: पुएरा बुयाग, पुएरा बुयाग. पण बोललेलं सरांचं होतं, तिचं नव्हतं. तिच्या म्हणण्याने काय होणार?

मग मॅडम झेनी बोलल्या. मग इलिगनची एक कवयित्री, मेलोना, जी आदल्या दिवसापर्यंत कुणाच्या कवितेला 'शाकाहारी' म्हणत होती, तिचे डोळे भरले. "मला त्या मुलीचा हेवा वाटतो," ती म्हणाली. "इतकं सुंदर असायला काय लागतं!" एकेक करत सगळे. एकोणीस वर्षांचं धरण फुटलं होतं.

नांग बासिंगचा हात टेबलाखालून आला आणि त्याने माझी बाही धरली. "दोंग," ती कुजबुजली, "वाईट बोल. काहीही वाईट बोल. लवकर."

मी उठून उभाच राहिलो. "मला ही कथा पटली नाही," म्हणालो. सगळे माझ्याकडे वळले. "म्हणजे, घडत काहीच नाही. घाम अकरा पानं उतरतो? एवढा चिकट घाम? आणि गळ्यापाशी कथा सैल पडलीये. ती मुलगी... साधारणच आहे."

"साधारण?" मेलोना ओरडली. "अरे, तुला डोळे आहेत का पापण्याच आहेत नुसत्या?"

"परवा आपली कथा फाटली म्हणून आज दुसऱ्याची फाडायला निघालाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"तरुणा," सर सेवेरिनो म्हणाले, "तू साधारणला साधारण म्हणायला शिकलास, छान. आता असाधारणला ओळखायला शीक." आणि माझ्यावरच्या रागाने त्यांनी ती मान, ते केस, तो थेंब असं एकेक घेऊन आणखी दहा मिनिटं वाखाणलं. मी विझवायला गेलो आणि रॉकेल ओतून बसलो. खरं सांगायचं तर माझ्या मनात काय होतं ते मी बोललोच नव्हतो. मनात मी त्या मुलीच्या मागून चालत होतो.

साडेदहाच्या सुमारास दाराशी सिस्टर आली. नियम माहीत असल्याने ती आधी अडखळली, मग म्हणाली, "बासिलिसा रानिस? काम्बागुयहून शेजारणीचा फोन आहे. तुमची बहीण..."

नांग बासिंग उठली. "माझ्या पानांनीच लागली," म्हणाली. चर्चा संपण्याआधी लेखक उठला असं कधी झालं नव्हतं, आणि लेखक कोण हे तिथेच सगळ्यांना कळलं.

पाचच मिनिटांत तिने सभागृहात परत येऊन जे सांगितलं ते इतकं सरळ होतं, की कुणी हसलं नाही. सगळ्यांनी यायचं. ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्या सगळ्यांनी. अंगठा लावायचा.

"बाई," सर म्हणाले, "तुमच्या बहिणीला बरं नाही याचं मला वाईट वाटतं. पण मी तत्त्वज्ञानाचा डॉक्टर आहे."

"सर, तुमच्या डिग्रीला थुंकी येत नाही का?"

मॅडम झेनी उठल्या. "सेवेरिनो," त्या म्हणाल्या, "तुझ्या आईने तुझ्या कपाळाला किती जणांचे अंगठे लावले ते मला सांगायला लावू नकोस. गाडीत बस."

नन्सच्या जीपनीत, लांब केलेल्या जीपगाडीत, आम्ही बसलो: स्तुती करणारे आठ, निंदा करणारा एक आणि लेखिका. चाळीस मिनिटांचा रस्ता. नांग बासिंगच्या हातात मापाची टेप होती. टेप ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. बोलण्याची सगळ्यांनाच भीती बसली होती. वाटेत मेलोनाने खिडकीतून समुद्र पाहून "किती..." म्हटलं आणि ओठ चावून गप्प बसली.

घर भाताच्या खाचरांच्या कडेला होतं. दारात शेजारीण नांग तिराय उभी होती, चेहरा राखेसारखा.

"दहा वाजता सुरू झालं," ती म्हणाली. "आरोग्यसेविका येऊन गेली. ताप नाही, दाब ठीक आहे म्हणते. पोट नगाऱ्यासारखं, पाय बर्फ. म्हणाली तासाभरात उतार पडला नाही तर इस्पितळात हलवा. पण बासिंग, ते जाऊ दे. ती बोलतेय. पुरुषाच्या आवाजात."

आत बांबूच्या बाजेवर लुमिंग पडली होती. मोहरीच्या रंगाचा झगा, एक बाही कोपरापर्यंत, एक मनगटापर्यंत. डोळे उघडे, छताकडे. आणि ती खोकली. तो खोकला आम्ही तीन दिवस ऐकत होतो.

"'एकोणीस वर्षं मी इथे बसतोय,'" ती म्हणाली. "'आज माझं पेन उचललं जात नाही.'"

सर सेवेरिनोंनी दाराची चौकट धरली.

शब्दाला शब्द. सरांचं झालं, मग मॅडमचं, मग मेलोनाचं, हुंदक्यासकट. जणू चाळीस मिनिटांच्या अंतरावरून आमची चर्चा आत्ताच तिच्यापर्यंत पोचत होती आणि तिच्या तोंडून पुन्हा बाहेर पडत होती. माझी पाळी आली तेव्हा माझाच आवाज एका म्हाताऱ्या बाईच्या अर्ध्या ओठांतून आला: "'एवढा चिकट घाम?'" मग तिने मान वळवली. उजव्या डोळ्याने मला शोधलं आणि हसली, उजव्या अर्ध्या तोंडाने.

"हा खोटं बोलला," ती तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली. "मनात काय म्हणत होता ते मला ऐकू आलं."

मी भिंतीला टेकलो.

"अंगठे," नांग बासिंग म्हणाली. "एकेक. लवकर."

सर सेवेरिनो पहिले. अंगठा जिभेवर, मग त्या कपाळावर. मग मॅडम. मग मेलोना, जी थुंकीपेक्षा आसवांनीच अंगठा ओला करत होती. आठही झाले. नांग बासिंगने बहिणीच्या पोटावर हात ठेवला. कपडा तपासावा तसा.

"तसंच आहे," ती म्हणाली.

माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही, पण मीच पुढे झालो. खोटं पकडलं गेल्यावर माणसाला जरा हलकं वाटतं. मी अंगठा लावला. ते कपाळ इतकं गार होतं, की हात काढल्यावरही अंगठा गारच राहिला. पुढे दोन दिवस.

"आता?" नांग तिरायने विचारलं.

पोट तसंच होतं. पाय गुडघ्यापर्यंत गार झाले होते. आता कोण राहिलं? नांग बासिंग आमची तोंडं मोजत होती, दोनदा, तीनदा. "सिस्टर? सिस्टर काही बोलली का? टाइप करणारा कारकून? त्याने वाचलं असेल. त्याला आणा. जीपनी पाठवा."

"बासिंग," लुमिंग म्हणाली.

"बोलू नकोस. दम लागेल."

"एक राहिलीय. जिने सगळ्यांच्या आधी म्हटलं."

नांग बासिंगचे हात थांबले. टेप बोटावरून सुटून खाली गेली.

एवढा वेळ आम्हा दहा जणांत, ज्यांचं पोटच शब्दांवर, ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सरांनी एक वाक्य म्हटलं होतं. मेलोनाने दोन. तिने अकरा पानं.

"मी?" ती म्हणाली. "लुमिंग, मी एकेचाळीस वर्षं तोंड बंद ठेवलंय. स्वतःच्या घरात मी तुला एक शब्द..."

"हाताने बोललीस ना."

"तू कशी होतीस ते कुणाला कळणार नाही म्हणून गं. तुझा एकुलता फोटो वादळात गेला. मी गेल्यावर कोण सांगेल?" तिचा आवाज बाईचा राहिला नव्हता, वीस वर्षांच्या पोरीचा झाला होता. "मला वाटलं, हे लोक फाडतील. फाडल्यावर काही होणार नाही."

"लाव अंगठा."

"लावते."

"थांब." लुमिंगचा उजवा हात वर आला आणि तिने बहिणीचं मनगट धरलं. "पुसणार आहेस तर आधी एकदा तोंडाने म्हण. मी सतरा वर्षांची असल्यापासून वाट बघतेय. परक्याने म्हटलं. तू कधी म्हटलं नाहीस."

नांग बासिंगने आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे भिंतीकडे तोंडं करून उभे राहिलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. डॉक्टर ऑफ फिलॉसॉफीसुद्धा. मागे बाजेचा करकर आवाज झाला. कुजबुज झाली. लांब होती, अकरा पानांइतकी नसेल, पण लांब. आमच्यापर्यंत त्यातला एकही शब्द आला नाही. मग शांत झालं आणि नांग तिरायने मोठ्याने श्वास घेतला, तेव्हा आम्ही वळलो.

लुमिंगच्या कपाळावर ओला ठसा होता. पाय तिचे तिनेच पोटाशी घेतले होते. पोट मऊ.

अर्ध्या तासात ती उठून बसली आणि पेज मागितली. खाता खाता तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "एवढी माणसं कशाला आलीत गं?" तिने विचारलं. मग चमचा थांबवून, "तू आत्ता माझ्या कानात काय म्हणालीस?"

नांग बासिंगने तोंड उघडलं. उघडंच राहिलं. तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही. घरात शिरून नेहमीच्या खुंटीकडे हात नेला आणि तिथे भिंतच नसली, तर माणूस असा दिसेल.

"आठवत नाही," ती म्हणाली. "लुमिंग, मला आठवत नाही."

"सर, तुम्ही काय म्हणाला होतात?" मेलोनाने हळूच विचारलं.

सर सेवेरिनोंनी वही काढली. सकाळचं पान होतं, त्यांच्याच अक्षरात. त्यांनी वाचलं: "एक मुलगी. मान. घाम." पान उलटलं, परत मागे घेतलं. "मला वाटतं, ठीक होती अशा अर्थाचं काहीतरी."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी माझ्या मनात शोधलं. मनात जे होतं म्हणून मी अंगठा लावला होता, ते मला सापडलं नाही. मिरवणूक आठवत होती. पण मी कुणाच्या मागून चालत होतो?

"असू दे," लुमिंग म्हणाली आणि पेज खायला लागली. डावीकडून थोडी सांडत होती. नांग बासिंग रुमाल काढून पुसत राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी आठच्या जीपनीने नांग बासिंग परत आली. मला वाटलं होतं, येणार नाही. खुर्चीवर बसली, हात मांडीवर, चेहरा कोरा.

"काल एक चर्चा अर्धी राहिली," मॅडम झेनी म्हणाल्या. "नियम आहे, पुरी करावी लागते."

अकरा पानं पुन्हा उघडली. मी पहिल्या ओळीपासून वाचलं. एक मिरवणूक होती. एक मुलगी होती, पांढऱ्या झग्यात. मान होती, केस होते, घामाचा थेंब होता. सगळी बटणं सगळ्या काजांत. एकही शब्द बदललेला नव्हता. मी शपथेवर सांगतो, माझ्या प्रतीवर माझ्याच अंगठ्याचा तेलकट डाग होता. पण ती पानं आता शाळेतल्या निबंधासारखी होती. रिकाम्या खुर्चीवर टांगलेला झगा. आत कुणी नव्हतं.

सर सेवेरिनोंनी लाल पेनाचं टोपण काढलं. एकदा त्यांनी नांग बासिंगकडे पाहिलं, तिने पापणीही हलवली नाही.

"पहिला परिच्छेद नको," ते म्हणाले. "हवामानाने सुरुवात करणारा लेखक गोष्टीला घाबरतो. घामाचा थेंब अकरा पानं उतरतो, हे हास्यास्पद आहे. काल एक तरुण हे म्हणाला होता, मी त्याची माफी मागतो. मुलगी देखणी आहे असं लेखक गृहीत धरतो, वाचकाला दाखवत नाही. मला तरी दिसली नाही."

लाल रेघा ओढल्या जात होत्या. नांग बासिंगने पिशवीतून वही काढली, तिची मापांची, आणि एकेक चूक लिहून घ्यायला लागली. पेन्सिल जिभेला लावायची आणि लिहायची. चार दिवस मी पाहत होतो, तिचे खांदे कायम अर्धा इंच वर उचललेले असायचे, ते आता हळूहळू खाली येत होते. सर जितके कठोर, तितकी ती सैल. मेलोनाला ते बघवेना, ती उठून बाहेर गेली.

"लेखक, उभे राहा," मॅडम झेनी म्हणाल्या.

ती उभी राहिली. "आभारी आहे," म्हणाली, नियमाप्रमाणे. बसली मात्र नाही. वहीत बघून तिने बोट फिरवलं.

"सर, सातव्या पानाचं राहिलं. तिथेही काहीतरी वाईट असेल ना?"

सर सेवेरिनोंनी पान उलटलं. लाल पेनाचं टोक ओळीओळीवरून फिरवलं, पण कापावं असं काही त्यांना सापडेना.

"आहे," ते म्हणाले. "लिहून घ्या."